फेस सुकायच्या आत

बालाघाटला बदली झाली तेव्हा खोली शोधताना मला जात विचारणारे घरमालक भेटले, मटण खाता का विचारणारे भेटले आणि "फॅमिली कधी आणणार?" हा प्रश्न तर दर दुसऱ्या दारात भेटला. गालावरून उलटा हात फिरवून पाहणारा घरमालक मात्र एकच भेटला.

"वरून बरी आहे," माझा गाल सोडत ते म्हणाले. "हनवटीखाली बेइमानी आहे. साबन कोनता वापरता?"

मी लॉजवरून सामानासकटच आलो होतो. बॅगेतून फोमचा डबा काढून दाखवला. त्यांनी तो हलवला, वरचं बटण दाबलं आणि तळहातावर आलेल्या पांढऱ्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अवं, इकडं ये! डब्यातून दही निघून राह्यलं, पाह्य!"

काकू पदराला हात पुसत आल्या, दही पाहून गेल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी सामान वर नेऊन ठेवा. ह्याईचं हे चालतच राह्यते." खोली मिळाली. डबा मात्र परत मिळाला नाही. काकांनी तो खिडक्यांच्या काचा पुसायला वापरून संपवला, आणि तो त्याच लायकीचा होता असं मला दोनदा सांगितलं.

काका वनखात्यातून निवृत्त झालेले. बैहर-बिरसाच्या जंगलात नोकरी काढलेली, अंगाने काटक, आवाज मोठा. अंगणातल्या पेरूच्या झाडाला त्यांनी एका भंगारात गेलेल्या जीपचा बाजूचा आरसा खिळ्याने ठोकला होता. रोज सकाळी त्या आरशासमोर, भर रस्त्याकडे तोंड करून, त्यांची दाढी चाले. खांद्यावर टॉवेल, स्टुलावर गरम पाण्याचा लोटा, स्टीलच्या वाटीत साबणाची गोल वडी, ब्रश, रेझर आणि तुरटीचा खडा. शाळेत जाणाऱ्या बाया काका कुठवर आलेत ते पाहून आपल्याला उशीर झाला की नाही ते ठरवत. एक गाल झाला असेल तर चालत जायचं, दोन्ही झाले असतील तर ऑटो करायची.

दुसऱ्याच दिवशीपासून माझी शिकवणी सुरू झाली. मला सकाळी कोणी काही शिकवलेलं आवडत नाही. सकाळी मला चहा लागतो आणि शांतता लागते. पण जिन्याचं दार काकांच्या अंगणातच उघडत होतं, त्यामुळे सुटका नव्हती.

"ब्रश आधी गरम पान्यात बसवाचा. बसू द्याचा त्याले आरामात. मंग झटकाचा, पन पूर्ण नाही झटकाचा. थोडसं पानी त्याच्या पोटात राह्यलं पाह्यजे. आता फिरवा वडीवर. फिरवा ना जी! भांडे घासून राह्यले काय? हलक्या हातानं!"

मी फिरवू लागलो. भराभर बुडबुडे आले. मला वाटलं, जमलं.

"हे काय आहे?"

"फेस."

"हा फेस नोहे. हा उथळपना आहे. मोठे मोठे बुडबुडे दिसून राह्यले ना? ते मरू द्या. ते मेल्यावर खरा फेस येते. फिरवत राहा. अन् पानी मांगू नका. फेस जवा सोताहून पानी मांगन, तवा एक थेंब द्याचा. लोक काय करते, आधीच पानी ओतते. मंग फेस नाही होत, पूर येते."

खरंच बुडबुडे हळूहळू मेले आणि वाटीत घट्ट, चकचकीत, चक्क्यासारखं काहीतरी जमू लागलं. मला आतून आनंद झाला होता, पण तो दाखवायची सोय नव्हती, कारण परीक्षा बाकी होती. काकांनी बनियनच्या खिशातून (त्यांच्या बनियनला काकूंकडून खिसा शिवून घेतलेला होता) चिन्नौर तांदळाचा एक दाणा काढला आणि चिमटीत धरून अलगद फेसावर ठेवला. आम्ही दोघं वाटीवर वाकून पाहत राहिलो. दाणा थोडा वेळ विचारात पडला आणि बुडाला.

"नापास," काका म्हणाले. "पन हुशार आहा. दिवाळीपर्यंत पास होसान."

हा तांदूळ म्हणजे तिथला अभिमानाचा विषय. शिजायला लागला की शेजाऱ्याला वास जातो. तो असा साबणात बुडवलेला काकूंना बघवत नसे. "परीक्षा घ्याची आहे तं साध्या तांदुळाची घ्या ना," त्या म्हणत. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "साधा दाना जाड आहे. तो कोनाच्याई फेसात बुडते. मंग पोरगं उगाच निराश होते." पोरगं म्हणजे मी, तेव्हा चाळिशीला टेकलेला.

काकूंचा सूड वेगळ्या मार्गाने चालू होता. बोअरच्या पाण्यात फेस मरतो, हे काकांचं ठाम मत, आणि ते खरंही होतं. त्या पाण्याने माझी बादलीसुद्धा पांढरी पडली होती. म्हणून काका दर रविवारी मोपेडवरून वैनगंगेवर जात आणि एक कॅन भरून आणत. ते पाणी फक्त दाढीसाठी. आठवड्याच्या मध्येच कॅन रिकामा होई, आणि काका चक्रावून जात. "माया गालाले एवढं पानी कसं लागून राह्यलं?" असं ते मलाच विचारत. त्या घरातली तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते, हे मी तोवर ओळखलं होतं. पण डाळीची वाटी मलाही वर येत असल्यामुळे मी गप्प राहिलो.

काकांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे गालाला फेस लागल्यावर जगातलं काहीही झालं तरी आधी दाढी. फेस सुकता कामा नये. फोन वाजला तर वाजू दे. कुरिअरवाला आला तर पेरूखाली उभा राहू दे. निवडणुकीत एक उमेदवार माणसांचा लोंढा घेऊन अंगणात शिरला आणि हात जोडून उभा राहिला. काकांच्या तोंडभर फेस. बोलायचं नाही म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. उमेदवार खूष होऊन गेला. पाठोपाठ विरोधी उमेदवार आला. त्यालाही मान डोलावली. नंतर मी विचारलं, "काका, मत नक्की कोणाला?" तर म्हणाले, "दोघाईले हौ म्हटलं. नाही म्हटलं तं कारन सांगाले तोंड उघडा लागते, अन् फेस आत जाते."

या नियमाचा उगम बिरसाकडच्या एका कॅम्पात होता. तरुणपणी नाल्याकाठी काका दाढी करत होते, अर्धं तोंड पांढरं, आणि समोर झाडीतून अस्वल निघालं. "मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं मायाकडं पाह्यलं. आता पळालो असतो तं फेस सुकला असता ना! म्हनून मी दुसरा गाल घेतला. अस्वलानं इचार केला असंल, हे कोनतं जनावर आहे बा, अर्धं काळं अर्धं पांढरं. गेलं निघून." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की अस्वल दर वेळी थोडं थोडं मोठं होत गेलेलं मला जाणवलं. काका पुढे ओंडक्यांचा हिशोब ठेवणाऱ्या कारकुनाचे वनपाल झाले, पण आपल्याला बढती अस्वलामुळे मिळाली असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाच्या घरात दाढीवाला जावई येणं म्हणजे केवढा प्रसंग!

त्यांची एकुलती एक मुलगी लांजीला शाळेत शिकवायची आणि शनिवारी बसने घरी यायची. शाळेच्या आवारात एक गाय अडून पडली म्हणून जनावरांचा डॉक्टर बोलावला, गाय मोकळी झाली आणि हे दोघं अडकले. मुलगा चांगला होता, नोकरी पक्की, घर जवळ, स्वभाव हसरा. काकूंना तो पाहताक्षणी आवडला. फक्त त्याला दाढी होती. आजकालच्या पोरांची असते तशी, भरघोस, तेल लावून विंचरलेली.

होळीच्या सुमारास तो पहिल्यांदा घरी आला. काकांनी नोकरी विचारली नाही, शेती विचारली नाही. वाटी आणि ब्रश पुढे सरकवला. "फेस करून दाखव."

बिचाऱ्याने लोट्यातलं अर्धं पाणी वाटीत ओतलं. मी जिन्यावर उभा होतो. मी डोळेच मिटून घेतले. पूर आला. दाणा टाकल्याबरोबर तळाला गेला.

"दाढी काढून ये, अन् फेस शिकून ये," काका म्हणाले. "रोज सकाळी जो सोताच्या तोंडाकडं पाह्यत नाही, तो बायकोच्या तोंडाकडं काय पाह्यन?"

मुलगा काढायला तयार होता. पण मुलगी बापाचीच होती. "बाबा, मले त्याची दाढी आवडते. त्यानं काढली तं मी लग्नच नाही करत."

"अन् ठेवली तं मी देत नाही."

"नका देऊ. मी बसते इथंच. रोज तुमचा फेस पाहात."

तिथून जे अबोला-नाट्य सुरू झालं ते पावसाळा लागला तरी संपेना. ती शनिवारी येई, बापाशी बोलत नसे, आणि रविवारी बापासमोरच अंगणात बसून फोनवर त्या मुलाला मोठ्याने विचारी, "दाढी कशी आहे?" मध्ये तिने काकांना ट्रिमर भेट आणला. काकांनी त्याने आपल्या स्वेटरवरचे लोकरीचे गोळे काढले आणि वस्तू उपयोगी असल्याचं मान्य केलं. काकू मात्र कंटाळल्या होत्या. एकदा डाळ द्यायला वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, दोन हट्टी मानसाईच्या मधात मायी पोरगी बसून राह्यली. एक तिचा बाप, अन् दुसरी ती सोता."

आणि मग एका सकाळी मी खाली आलो तर पेरूखाली कोणीच नव्हतं. आरसा होता, स्टूल होतं, काका नव्हते. रस्त्यावरच्या बायांचं वेळेचं गणित चुकलं. एक जण तर मला विचारायला थांबली, काका गावाला गेले का म्हणून. काका घरातच होते. म्हणाले, "यंदा सावन पाळून राह्यलो. दाढी बंद."

मी थक्क झालो. श्रावणात दाढी न करणाऱ्यांची हा माणूस अख्खा महिना टिंगल करायचा. "देव काय तुमच्या खुंटाची वाट पाहून राह्यला का?" हे त्यांचं वाक्य सगळ्या वॉर्डात प्रसिद्ध होतं. आता तेच भाविक झाले. लोकांनी काय काय तर्क केले. कोणी म्हणालं पोरीच्या लग्नासाठी नवस बोलले असतील. कोणी म्हणालं पोरीपुढे नमले.

राखी पौर्णिमेला सावन संपला. गल्लीतले हिंदी भाषक शेजारी चकचकीत गालांनी फिरू लागले. मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तो त्याईचा सावन होता. आपला मराठी श्रावन पोळ्यापर्यंत आहे."

त्या गावात दोन पंचांगं नांदतात, दोन्ही महिने पंधरा दिवस मागेपुढे सुरू होतात, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक जण आपापला एक पाळतो. दोन्ही पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. दीड महिन्यात काकांना अशी दाढी आली की टॉवेल खांद्यावर टाकून ते अंगणात बसले की एखादे बाबा उतरलेत असं वाटून जाई. एका म्हातारीने तर वाकून नमस्कारही केला.

गंमत म्हणून मी पाहत होतो, पण एक गोष्ट मला टोचत होती. रोज सकाळी न्हाणीघरातून ब्रश वाटीवर आपटल्याचा आवाज यायचा. खट खट खट खट. पूर्वीपेक्षा भरभर. आणि थोड्या वेळाने मागच्या मोरीतून फेस वाहून जायचा. मी एकदा वाकून पाहिला. असा फेस मी त्या घरातही पाहिला नव्हता. लोण्यासारखा, एक बुडबुडा नाही. दाढी बंद असताना हा माणूस रोज फेस करत होता आणि टाकून देत होता. का, ते मला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना.

मी काकूंना विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हात थरथरते त्याईचा," त्या हळूच म्हणाल्या. "रेझर धरता येत नाही. आषाढात दोनदा गाल कापून घेतला, मले सांगते पेरूची फांदी लागली. तुमी बोलू नका भाऊ. मले माहीत आहे हे त्याईले माहीत नाही."

"अहो, मग न्हावी?"

"न्हाव्याजोळ ट्यूबची क्रीम आहे."

मला आधी हसू आलं. ज्या माणसाने अस्वलापुढे दुसरा गाल घेतला, तो आता आपल्याच हातापासून लपून राहिला होता. आणि पोळ्यानंतर त्याच्याकडे पाळायला एकही महिना उरला नव्हता.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचे रंग अजून रस्त्याच्या चिखलात सांडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावण सुटलेल्या बाप्यांची न्हाव्याच्या दुकानापुढे रांग लागली, आणि नेमका त्याच दिवशी तो मुलगा मोटारसायकलवरून लांजीहून आला. काकूंनी बोलावलं होतं. काका आता गुळगुळीत होऊन खुशीत असतील, असं त्याला मुलीने सांगितलं होतं, कारण तिलाही काही माहीत नव्हतं.

अंगणात काका स्टुलावर बसले होते, दाढीसकट. समोर तो उभा, दाढीसकट. दोन दाढ्या एकमेकींकडे पाहत होत्या. पोळ्याच्या सुट्टीला घरी आलेल्या मुलीला हसू आवरेना. "बाबा, तुमची जास्त वाढली," ती म्हणाली. होळीनंतर ती बापाशी पहिल्यांदा सरळ बोलली होती.

"श्रावन होता," काका गुरगुरले. "फेस शिकला काय रे?"

"हौ काकाजी."

त्याने ब्रश गरम पाण्यात बसवला, अर्धवट झटकला, वडीवर हलक्या हाताने फिरवू लागला. बुडबुडे आले, त्याने ते मरू दिले. पाणी थेंबाने दिलं. मी जिन्यावरून पाहत होतो आणि माझ्याच परीक्षेचा निकाल असल्यासारखा श्वास धरून होतो. फेस दाटला. त्याने वाटी पुढे केली.

काकांनी खिशातून दाणा काढला. वाटीपर्यंत हात नेला. दाणा जमिनीवर पडला. त्यांनी दुसरा काढला. तो स्टुलावर पडला. तिसरा त्या मुलाच्या बुटावर पडला. मुलीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मुलाने वाटी खाली ठेवली आणि काकांचं मनगट धरलं. घाबरलेल्या वासराचा पाय धरतात तसं, घट्ट पण न दुखवता. "काकाजी, हे कवापासून होऊन राह्यलं?"

"थंडी आहे," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता.

"गोंदियाले चांगला डॉक्टर आहे. मी घेऊन चलतो. ह्याच्यावर औषध असते."

"तू नाहीस काय डॉक्टर?"

"मी चार पायवाल्याईचा आहो जी."

काकांनी हात सोडवून घेतला नाही. मग एकदम म्हणाले, "या हातानं फेस लय भारी होते पन. पाह्य." आणि ब्रश उचलून ते वाटीत फिरवू लागले. हात आपोआप थरथरत होता, ब्रश आपोआप नाचत होता, आणि त्या मुलाच्या बऱ्यापैकी फेसाचा बघता बघता असा काही फेस झाला की काकूसुद्धा "अगं बाई" म्हणाल्या. हाच तो, मोरीतून वाहून जाणारा.

"आता मले सांग," वाटी मांडीवर धरून काका म्हणाले, "तुले दाढी करता येते काय?"

मुलगा गोंधळला. "सोताची तं कधी केली नाही जी."

"मंग कोनाची केली?"

"म्हशीची. टाके घालाच्या आधी केस काढा लागते ना. वस्तऱ्यानं. आजपर्यंत एकीलेई कापलं नाही."

काका हसले. अंगण दणाणून जाईल असे हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी टॉवेलने पुसलं, लपवलं नाही. मग हनवटी वर करून म्हणाले, "तुयी राहू दे. मायी काढ."

दीड महिन्याची दाढी होती. आधी मुलीने कात्री चालवली, स्वेटरवाल्या ट्रिमरलाही त्या दिवशी मान मिळाला, आणि मग तो मुलगा फेस लावून रेझर चालवू लागला. काका तोंड न उघडता डोळ्यांनी सूचना करत होते. रस्त्यावरच्या बाया थांबून पाहू लागल्या. काकू लोटा धरून उभ्या होत्या आणि उघड उघड रडत होत्या, कारण आता माहीत नसल्याचं सोंग करायची गरज उरली नव्हती.

दाढी झाल्यावर काकांनी जीपच्या आरशात पाहिलं, उलटा हात फिरवला. "कानाखाली बेइमानी आहे. म्हशीले कान मोठे असते म्हनून. शिकशीन." मग वाटीत उरलेल्या फेसात बोट बुडवलं आणि थरथरत्या हाताने त्या मुलाच्या कपाळावर पांढरा टिळा ओढला. वाकडातिकडा, भुवईपर्यंत आलेला. खिशातून एक दाणा काढला. या वेळी मुलीने बापाचं मनगट खालून धरलं, आणि दाणा टिळ्यावर जाऊन बसला. आम्ही सगळे पाहत राहिलो. तो बुडाला नाही.

"अहो, काय करता!" काकू आत धावत म्हणाल्या. "थांबा ना, कुंकू आनते! शुभ काम हे असं करते काय?"

"थांबलो तं फेस सुकते," काका म्हणाले.